सगळीकडे सारखे गुण म्हणजे समतोल नव्हे

आयुष्याच्या निरनिराळ्या क्षेत्रांत आपण किती समाधानी आहोत, हे कागदावर मांडण्याची एक पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. एक वर्तुळ काढायचे, त्याचे आठ-दहा भाग पाडायचे, त्यांना आरोग्य, काम, पैसा, कुटुंब, मैत्री, शिक्षण, विरंगुळा अशी नावे द्यायची आणि प्रत्येक भागासाठी १ ते १० यांपैकी एक आकडा लिहायचा. त्या आकड्यांप्रमाणे केंद्रापासून खुणा करून त्या रेषेने जोडल्या की एक आकृती तयार होते. ‘व्हील ऑफ लाइफ’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अमेरिकेतील पॉल जे. मेयर यांच्या नावाशी जोडली जाते. यशस्वी होण्याचे प्रशिक्षण देणारी एक संस्था त्यांनी १९६० साली स्थापन केली होती. ही पद्धत मी बऱ्याच काळापासून वापरत आले आहे आणि तिचे माझ्यावर ऋण आहे. मात्र तिच्यातून सहसा जो निष्कर्ष काढला जातो तो मला पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगावे असे वाटते.

तो निष्कर्ष असा, की आकृती जितकी गोल तितके आयुष्य समतोल. चाक वेडेवाकडे असेल तर गाडी धक्के खात चालेल, म्हणून ज्या भागात कमी गुण आहेत तो भाग वाढवा, असे शिकवले जाते. पण सर्व क्षेत्रांत ४ गुण असलेल्या माणसाची आकृतीही निर्दोष गोल येते, आणि त्या माणसाला आपण समाधानी म्हणणार नाही. उलट ज्या घरात नुकतेच मूल जन्माला आले आहे, जो माणूस नोकरी सांभाळून एखादी अवघड परीक्षा देतो आहे, किंवा जी व्यक्ती आजारी आईवडिलांची सेवा करते आहे, त्यांची आकृती त्या काळात वाकडीच येणार. ती तशी येते यात काही बिघडलेले नाही. सगळ्या आघाड्यांवर एकाच वेळी सारखे लक्ष देणे कोणालाच साधत नाही, आणि ते साधले पाहिजे असा आग्रह धरला तर जिथे खरोखर जीव ओतायला हवा तिथलेच काम अर्धवट राहते.

पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने १९९० च्या सुमारास वार्धक्याविषयी जी मांडणी केली, ती मला इथे फार मोलाची वाटते. आपली शक्ती मर्यादित आहे हे ओळखून मोजक्याच गोष्टी निवडायच्या, निवडलेल्यांवर अधिक मेहनत घ्यायची आणि जे कमी झाले आहे त्याची दुसऱ्या मार्गाने भरपाई करायची, असे तिचे तीन भाग आहेत. त्यासाठी ते पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण देत. उतारवयात रुबिनस्टाइन थोड्याच रचना वाजवत, त्यांचा सराव अधिक करत, आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ वाजवत, म्हणजे पुढचा वेग श्रोत्यांना पुरेसा जाणवे. ही मांडणी म्हाताऱ्या माणसांसाठी केलेली असली तरी ज्याच्याकडे वेळ आणि शक्ती मोजकी आहे अशा प्रत्येकाला ती लागू पडते, म्हणजे आपल्या सगळ्यांनाच. तिच्यात कमी गुणांची लाज नाही. जे सोडले ते का सोडले, याचे उत्तर मात्र तिच्यात द्यावे लागते.

इथून खरा प्रश्न सुरू होतो: आपण लिहितो तो आकडा नेमके काय मोजतो? मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या अभ्यासात लोकांना एका शिडीची कल्पना करायला सांगितले होते. वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य तितके उत्तम आयुष्य, सर्वांत खालची म्हणजे शक्य तितके वाईट, आणि ० ते १० यांपैकी तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात ते सांगा. २०१२ पासून प्रसिद्ध होणाऱ्या जागतिक आनंद अहवालातील देशांची क्रमवारी याच प्रश्नाच्या उत्तरांवर आधारलेली असते. या शिडीत मला आवडणारी गोष्ट ही, की तिची दोन्ही टोके उत्तर देणाराच ठरवतो. म्हणजे आकडा आयुष्याविषयी जितके सांगतो, तितकेच त्या माणसाने शिडी कुठे लावली आहे याविषयीही सांगतो.

अ‍ॅलेक्स मिखॅलोस यांनी १९८५ साली याच गोष्टीचा अधिक बारकाईने विचार केला. माणूस समाधानी आहे की नाही हे ठरवताना आपल्याजवळ जे आहे त्याची तुलना अनेक गोष्टींशी करतो, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याला काय हवे होते, आपल्यासारख्या इतरांकडे काय आहे, पूर्वी आपल्याकडे सर्वांत चांगले काय होते, काही वर्षांपूर्वी आपण कोणती अपेक्षा बाळगली होती, आपली पात्रता काय आहे, आपली गरज काय आहे, अशी ही वेगवेगळी मापे आहेत. आता ‘पैसा’ या भागात कोणी ५ लिहिले असे समजू. महिन्याचा खर्च भागत नाही म्हणून तो ५ असेल, तर तो गरजेच्या मापाने आलेला आहे. बरोबर शिकलेले मित्र पुढे गेले म्हणून असेल, तर तो इतरांच्या मापाने आलेला आहे. आधीच्या नोकरीत अधिक मिळत होते म्हणून असेल, तर भूतकाळाच्या मापाने. आकडा एकच आहे, पण या तीन माणसांनी करायच्या गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत. पहिल्याला उत्पन्न वाढवणे किंवा खर्च बदलणे भाग आहे. दुसऱ्याने उत्पन्न दुप्पट केले तरी ५ तसाच राहण्याची शक्यता आहे, कारण तोवर मित्र आणखी पुढे गेलेले असतील. तिसऱ्याने आधी स्वतःला विचारायला हवे, की ती नोकरी आपण का सोडली आणि त्या बदल्यात काय मिळवले.

म्हणून मी प्रत्येक आकड्यापुढे ‘कशाच्या तुलनेत’ हे एका वाक्यात लिहिते. सगळ्या प्रक्रियेत सर्वाधिक वेळ या वाक्याला लागतो आणि सर्वाधिक उपयोगही याचाच होतो, असे माझे मत आहे. पुष्कळदा हे वाक्य लिहिता लिहिताच लक्षात येते, की हे माप आपले नाहीच. ते घरातून, समवयस्कांकडून किंवा रोज फोनवर दिसणाऱ्या परक्या आयुष्यांतून आपल्याकडे आले आहे. असे माप काढून टाकले की आकडा बदलतो, आणि त्यासाठी आयुष्यात काहीही हलवावे लागत नाही. कधी उलटेही घडते. वाक्य लिहिताना कळते, की आपण समाधानी आहोत ते केवळ अपेक्षा फार खाली आणून ठेवल्या म्हणून, आणि ८ हा आकडा प्रत्यक्षात हार मानल्याचा आहे. हे दुसरे निदान अधिक वेदनादायक असते आणि म्हणूनच अधिक जपून करावे लागते.

प्रश्न कोणत्या क्रमाने विचारले जातात, यावरही उत्तर बरेच अवलंबून असते. १९८८ साली स्ट्रॅक, मार्टिन आणि श्वार्ट्झ यांनी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले: एकूण आयुष्याविषयी तुम्ही किती समाधानी आहात, आणि तुम्ही प्रेमभेटींना किती वेळा जाता. आधी आयुष्याविषयी विचारले तेव्हा दोन उत्तरांत जवळजवळ संबंध दिसला नाही; क्रम उलटा केला तेव्हा सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.६६ इतका वाढला. ज्या गोष्टीची नुकतीच आठवण करून दिली, तीच विद्यार्थ्यांनी सबंध आयुष्याचे माप म्हणून वापरली. त्यामुळे मी एकूण समाधानाचा आकडा सर्वांत आधी लिहिते आणि मगच भागांकडे वळते, आणि ज्या दिवशी कोणाशी वाद झाला असेल किंवा कौतुक वाट्याला आले असेल त्या दिवशी हे काम हाती घेत नाही.

आठवणीतले समाधान आणि प्रत्यक्ष जगताना वाटलेले समाधान यांतही अंतर असते. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली टेक्सासमधील नोकरी करणाऱ्या सुमारे ९०० स्त्रियांना आदल्या दिवसाचे प्रसंगवार टिपण करायला लावले आणि प्रत्येक प्रसंगात काय वाटले ते विचारले. कामावर जाण्या-येण्याचा प्रवास आणि काम हे यादीच्या तळाशी होते, आप्तमित्रांसोबतचा वेळ वरच्या बाजूला होता. आठवड्याचे १६८ तास कुठे जातात हे अशाच रीतीने टिपून ते आकड्यांशेजारी ठेवले की काही विसंगती स्वच्छ दिसतात. ‘कुटुंब सर्वांत महत्त्वाचे’ असे मनापासून म्हणणाऱ्या माणसाचे जागेपणी घरच्यांशी बोलण्यात गेलेले तास पाहिले, की तो माणूस खोटे बोलत नाही पण त्याचे वेळापत्रक मात्र काही वेगळेच सांगते आहे, हे कळते.

काही जण प्रत्येक क्षेत्राला महत्त्वानुसार वजन देऊन गुणाकार करतात. मला ते अनावश्यक वाटते. एडविन लॉक यांनी नोकरीतील समाधानाचा अभ्यास करताना दाखवले होते, की जी बाब माणसाला महत्त्वाची वाटते तिथे त्याचे समाधान किंवा असमाधान तीव्र असते, आणि जिचे त्याला फारसे काही नाही तिथे उत्तर मधल्या पट्ट्यातच राहते. म्हणजे महत्त्व आकड्यात आधीच उतरलेले असते. यावरून मी एक सवय लावून घेतली: ५ आणि ६ या आकड्यांकडे जास्त वेळ पाहायचे. ते क्षेत्र खरोखर आपले नसेल, तर वर्तुळातून ते खुशाल काढून टाकावे. क्षेत्रांची छापील नावे कोणीतरी दुसऱ्याने ठरवलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमानाविषयीच्या २६ प्रश्नांच्या प्रश्नावलीत आरोग्य, मन आणि नातेसंबंध यांच्या जोडीने सभोवतालची परिस्थिती, म्हणजे सुरक्षितता, वाहतूक, माहिती मिळण्याची सोय, यांनाही जागा आहे, जी नेहमीच्या वर्तुळात क्वचितच असते. आणि कॅरोल रिफ यांनी १९८९ साली मानसिक स्वास्थ्याची जी सहा अंगे मांडली, त्यांतले स्वायत्तता हे अंग तर माझ्या मते प्रत्येकाच्या वर्तुळात असावे. माझ्या आयुष्यातले निर्णय कोण घेते, या प्रश्नाचे उत्तर बाकी सगळ्या आकड्यांचा अर्थ बदलू शकते.

मग समतोल म्हणजे काय? माझ्यापुरते मी असे ठरवले आहे, की प्रत्येक क्षेत्राला एक तळ असावा आणि कोणतेही ध्येय कितीही मोठे असले तरी त्या तळाखाली जाऊ नये. पुरेशी झोप, फेडता येणार नाही असे कर्ज नसणे, मनातले सगळे सांगता येईल असे निदान एक माणूस, लांबणीवर न टाकलेली वैद्यकीय तपासणी, अशा साध्या शब्दांत तो लिहिता येतो. त्या तळाच्या वर आकृती कितीही वाकडी असली तरी मला चिंता वाटत नाही, मात्र ते वाकडेपण निवडलेले असावे. निवडलेले आहे की नकळत आले आहे, हे ओळखण्यासाठी मी तीन गोष्टी तपासते: हे कशासाठी चालले आहे, ते कधीपर्यंत चालणार आहे, आणि त्याची किंमत आणखी कोण मोजते आहे. ‘या वर्षाच्या अखेरीपर्यंत’ असे उत्तर देता येत असेल तर ती निवड आहे. ‘जरा स्थिरस्थावर झाले की’ हे उत्तर वर्षानुवर्षे तेच येत असेल तर ती निवड राहिलेली नाही. तिसरा प्रश्न सर्वांत जड आहे, कारण आपल्या कामातले १० गुण पुष्कळदा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी विश्रांतीच्या ३ गुणांवर उभे असतात, आणि ते ३ आपल्या कागदावर कुठेही लिहिलेले नसतात.

इथे एक गोष्ट ठामपणे म्हणायला हवी. ज्यांच्या वाट्याला आजारपण, अपुरे वेतन किंवा रजा नसलेली सेवा आली आहे, त्यांना समतोल साधण्याचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. त्यांच्या कागदावरचे कमी गुण त्यांच्या नियोजनाविषयी काही सांगत नाहीत. मदत कुठे हवी आहे एवढेच ते सांगतात. अशा वेळी हा कागद स्वतःला सुधारण्यासाठी न वापरता भावंडांशी, जोडीदाराशी किंवा कामावरच्या वरिष्ठांशी बोलताना समोर ठेवावा. काय जड जाते आहे ते त्यात क्षेत्रवार मांडलेले असल्यामुळे ‘सगळेच कठीण झाले आहे’ या वाक्यापेक्षा ते ऐकणाऱ्याला अधिक नेमके समजते.

आकडे वाढलेच पाहिजेत ही अपेक्षाही मी ठेवत नाही. ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली असे मांडले, की माणूस चांगल्या बदलाला लवकर सरावतो आणि नव्या स्थितीलाच नेहमीचे समजू लागतो. नंतरच्या संशोधनाने याला मर्यादा घातल्या. बेरोजगारीसारख्या आघातानंतर समाधान बराच काळ पूर्वपदावर येत नाही, असे दिसून आले आहे. तरीही गतवर्षीचा ७ आणि यंदाचा ७ यांच्या मागची शिडी सारखी नसते, त्यामुळे मी पुन्हा लिहायला बसते तेव्हा जुना कागद आधी उघडत नाही. नवा पूर्ण झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवते आणि आकड्यांऐवजी ‘कशाच्या तुलनेत’ची वाक्ये वाचते.

हे काम पहिल्यांदाच करणार असाल तर घरातल्या एका माणसालाही सोबत घ्या. दोघांनी आपापले कागद वेगवेगळे भरावेत आणि जी क्षेत्रे सामाईक आहेत, म्हणजे नाते, घरकाम, पैसा, मुले, तेवढ्यांचेच आकडे एकमेकांना दाखवावेत. घरकामाच्या भागात एकाचे ८ आणि दुसऱ्याचे ४ निघाले, तर त्या दिवशी बाकी सगळे बाजूला ठेवून आधी तेवढ्याच एका भागावर बोलावे, आणि बोलण्याची सुरुवात ज्याने ४ लिहिले आहे त्याला करू द्यावी.