तळण्याआधीचे दोन तास

इंडोनेशियात जावा बेटावरच्या योग्याकार्तात राहायला आल्यावर शिकलेल्या पहिल्या काही जावानीज शब्दांपैकी एक होता ‘प्रेंगुस’. बोकडाच्या मटणाला जो उग्र वास येतो, त्याचं हे खास नाव. आपल्याकडे ‘हिवस’ म्हणतात, पण तो माशालाही येतो, अंड्यालाही येतो. इथे बोकडाच्या वासाला स्वतंत्र शब्द आहे आणि तो घालवायचे उपायही घरोघरी ठरलेले आहेत.

बकरी ईदला इथे इदुल अधा म्हणतात. आमच्या गल्लीत आदल्या चार-पाच दिवसांपासून मशिदीजवळ बोकड बांधलेले असतात. त्यातले काही उंच, लोंबत्या कानांचे आणि फुगीर नाकाचे. पहिल्या वर्षी त्यांना पाहून मी थबकलेच, कारण हे तर आपले जमनापारी! चौकशी केली तर जातीचं नाव निघालं ‘पेरानाकान एतावा’. उत्तर प्रदेशातल्या इटावाचंच नाव ते. डच काळात तिकडून आलेल्या जमनापारी बोकडांचा इथल्या शेळ्यांशी संकर होऊन ही जात तयार झाली. पुर्वोरेजोजवळचं कालिगेसिंग तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. घरापासून इतक्या लांब अशी ओळख निघाली की फार बरं वाटतं.

ईदच्या दुपारी घरोघरी मटणाचा वाटा येतो, आमच्यासारख्या मुस्लिम नसलेल्यांकडेही. बांबूच्या विणलेल्या चौकोनी डब्यात, ज्याला बेसेक म्हणतात. पहिल्या वर्षी मी ते मटण दोन पाण्यांनी धुतलं, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर चोळलं आणि थेट तेलात सोडलं. बाहेरून करपलं, आत चामडं. वरचं कवच पाच मिनिटांत मऊ पडलं. एवढ्या मायेने आलेला वाटा वाया गेला याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या इबू स्वतःच म्हणाल्या, “म्बाक, यंदा माझ्याकडे या, मटण एकत्र तळू.” इबू म्हणजे आईच्या वयाची बाई, म्बाक म्हणजे ताई. मी डबा घेऊन गेले आणि सवयीने नळ सोडला, तर त्यांनी हात धरला. “धुवायचं नाही. धुतलं की प्रेंगुस चढतो.”

मटण न धुता शिजवायचं हे मला जड गेलं. पण विचार केल्यावर पटलं. बोकडाचा वास ज्या आम्लांमुळे येतो ती चरबीत असतात, पाण्याने ती निघत नाहीत. धुऊन मटण फक्त ओलं होतं. इबू त्याऐवजी सुरीने जाड चरबी आणि पापुद्रे काढून टाकतात, मग पपईची पानं चुरगळून त्यांत मटण अर्धा तास गुंडाळून ठेवतात. पपईच्या चिकात मांस मऊ करणारं पपेन असतं. अर्ध्या तासाहून जास्त ठेवायचं नाही, वरचा थर भुसभुशीत होतो.

वाटण चोबेकवर. हा पसरट दगडी खल, वरवंट्याऐवजी वाकड्या मुठीचा बत्ता. किलोभर मटणाला दोन मोठे चमचे धने, आठ पाकळ्या लसूण, दहा छोटे लाल कांदे, बोटभर हळद, बोटभर आलं आणि पाच केमिरी. केमिरी हे तेलकट पांढरं बी, कच्चं खात नाहीत, भाजूनच घेतात. तुमच्याकडे त्याऐवजी काजू चालतील. धने आधी कोरडे भाजून पहिले कुटायचे, नाहीतर कांद्याच्या पाण्यात ते निसटत राहतात. शिवाय लेंग्कुआस, म्हणजे ओलं कुलिंजन, चांगलं तीन-चार बोटं, वेगळं किसून ठेवायचं. वाळलेल्या कुलिंजनाला तो ओला, पाइनसारखा वास नाही. नसेल मिळत तर आलं वाढवू नका, चव भलतीकडे जाते. सरळ गाळा.

गवती चहा मात्र आपलाच. फरक एवढाच की आपण पात चहात टाकतो आणि इथे बुडाचा पांढरा जाड दांडा ठेचून रश्श्यात. सोबत लिंबाची (कडुलिंबाची नव्हे) पानं आणि सालामची पानं. सालाम तमालपत्रासारखं वापरतात, पण ते झाड जांभळाच्या जवळचं आहे आणि सुगंध अगदी सौम्य.

आता मुख्य गोष्ट, उंगकेप. वाटण, किसलेलं लेंग्कुआस, पानं, मीठ, चिंचेचा कोळ, नारळीच्या गुळाचा छोटा खडा आणि मटण एकत्र करून, बुडेल इतकं नारळपाणी घालून, झाकण लावून मंद आचेवर ठेवायचं. गूळ खरंच छोटाच. जास्त झाला की पुढे तेलात सगळं काळं पडतं. कोवळं मटण असेल तर सव्वा तास, निबर असेल तर दोन. बोकडाच्या मांसात जो चिवट बंध असतो तो ओलाव्यात आणि वेळ घेऊनच विरघळतो. तळण्याची चार-पाच मिनिटं त्याला कशी पुरणार? माझी पहिल्या वर्षीची चूक इथेच होती. मी मऊपणा आणि कुरकुरीतपणा दोन्ही एकट्या तेलाकडून मागत होते.

मटण मऊ झालं की वाटीभर रस्सा बाजूला काढायचा आणि बाकीचा झाकण काढून आटवायचा. मग तुकडे चाळणीवर पसरून निदान तासभर उघडे ठेवायचे. मला वाटतं, सगळा पदार्थ या एका तासावर उभा आहे. ओलं मटण तेलात पडलं की तेलाची सगळी उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात जाते आणि तोवर वरचा थर शंभर अंशांच्या वर जात नाही. तांबूस रंग आणि खमंगपणा त्याच्या बऱ्याच वर, साधारण 140 अंशांपासून सुरू होतो. पृष्ठभाग कोरडा असेल तर तीन मिनिटांत काम होतं आणि आतला रसही टिकतो. इबूंना यातले आकडे कुणी सांगितलेले नाहीत. त्या तुकड्याला बोटाची पाठ लावतात, चिकटला तर म्हणतात, “अजून नाही.”

तेल भरपूर, चांगलं तापलेलं, साधारण 175 अंश. तुकडे थोडे थोडे सोडायचे आणि लगेच हलवायचे नाहीत. मटणाला चिकटलेला लेंग्कुआसचा कीस सोनेरी होतो आणि खोबऱ्याच्या किसासारखा दिसतो. तो झाऱ्याने आधी काढा, मटणाच्या आधी करपतो.

शेवटी क्रेमेस, म्हणजे मटणासोबतची कुरकुरीत जाळी. बाजूला काढलेल्या रश्श्यात टॅपिओकाचं पीठ, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि एक अंडं फेटून ताकासारखं पातळ करायचं. ते हाताने थेंब थेंब, थोडं उंचावरून गरम तेलात शिंपडायचं. तेल फेसाळून वर येतं, म्हणून कढई अर्धीच भरलेली हवी. क्षणात जाळी पसरते, ती दुमडून काढायची. मला अजून इबूंसारखी नाजूक जमत नाही, माझी जाळी मध्ये जाड राहते आणि तिथे मऊ पडते.

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून निम्मंच मटण तळलं. बाकीचं इबूंनी उंगकेप करून, कोरडं करून दोन पिशव्यांत भरलं आणि एक माझ्या हातात दिली. फ्रीझरमध्ये ते महिनाभर छान राहतं. काल रात्री पावसात ती पिशवी काढली, तुकडे पुन्हा तासभर चाळणीवर ठेवले आणि बोटाची पाठ लावून पाहिली. चिकटत होतं. आणखी वीस मिनिटं थांबले.