एम्प्रेस गार्डनमधले किडे: कधी जावं, कुठे बघावं

एम्प्रेस गार्डनला बरेच पुणेकर जातात ते जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला. कीटक बघायचे असतील तर नेमके तेच दिवस टाळा. गर्दी तर असतेच, शिवाय सजवलेल्या वाफ्यांवर मधमाश्यांखेरीज फारसं कोणी फिरकत नाही. रेसकोर्सजवळच्या या ३९ एकरांत खरी गंमत आहे ती माळ्याचा हात कमी फिरलेल्या कोपऱ्यांत, आणि तीही गणपती ते दिवाळी या काळात.

आम्ही याच दिवसांत गेलो. फाटकातून आत शिरलो ते थेट ओढ्याकडे. ऊन चढलं तसे पिवळसर चतुर घिरट्या घालू लागले. पावसाबरोबर येणारी ही जात बसायचं नावच घेत नाही. हिचे थवे पुढे हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेत पोचतात. टाचण्या, म्हणजे चतुरांची सडपातळ भावंडं, मात्र काठच्या गवतात, पंख पाठीवर मिटून. त्या बघायला उकिडवं बसावं लागतं, तेवढ्यात डास आपलं काम उरकून घेतात. (चतुरांची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात म्हणे. अजून जरा खायला हरकत नव्हती.)

कडेच्या रानटी झुडपांत खुळखुळा दिसला तर थांबाच. बिबळ्या कडवा आणि हबशी ही फुलपाखरं त्याच्या सुकलेल्या पानाशेंगांना चिकटून रस ओढत असतात. हे बहुतेक नर. त्या रसातल्या द्रव्यांपासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात. त्या नादात त्यांना आपलं भान नसतं, त्यामुळे साध्या मोबाइलवरही फोटो छान येतात.

उंबर फोडून केंबरे काढू नयेत म्हणतात, आम्ही काढली. पुरतं न पिकलेलं, गळून पडलेलं उंबर घ्या. आतले पिंगट, बिनपंखी किडे म्हणजे नर. माद्यांशी मीलन करायचं, त्यांना बाहेर पडायला भोक पाडून द्यायचं आणि मरायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. पंखवाल्या माद्या अंगावर पराग घेऊन दुसरं उंबर गाठतात. सोबतच्या मुलांना हे सगळ्यात आवडलं.

उन्हाळ्यात संख्या रोडावते. तरी सावरीखाली, बिया पडल्या की, लाल ढेकण्या जोडीजोडीने फिरताना दिसतात, आणि झाडाबुडच्या कोरड्या मातीत मुंग्यांसाठी टपलेल्या मुंगीसिंहाचे नरसाळ्यासारखे खळगे सापडतात.

शनिवार-रविवारी सहलींचा गोंगाट असतो, म्हणून मधला वार निवडा आणि बाग उघडल्याबरोबर आत शिरा. पूर्ण बाह्या, बंद बूट हवेतच. पडका ओंडका काठीनेच उलटा, खाली विंचू किंवा गोम असू शकते. बघून झालं की होता तसाच ठेवा. दुर्बीण असेल तर जवळचं दिसणारी न्या, नाहीतर भिंग पुरतं.