ताई, वेर्ण्याला इंटरव्ह्यू आहे

गोव्यात आमच्या साखळीकडे कुणाचा इंटरव्ह्यू ठरला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, यूट्यूबवरची प्रश्नोत्तरं पाठ कर. दुसरा म्हणतो, आधी कुणाची ओळख निघते का बघ. मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला, म्हणजे औषधं तपासणाऱ्या क्युसी विभागात, आहे आणि अलीकडे उमेदवारांना प्रश्न विचारायला मलाही बसवतात. त्यामुळे रविवारी दुपारी डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी फाईल घेऊन दारात.

या वेळी शेजारच्या काकांची मुलगी होती. रसायनशास्त्रात बीएस्सी, नुकतीच पास. इंटरव्ह्यू दुसऱ्याच कंपनीत. माझ्या कंपनीत असता तर चहा पाजून परत पाठवलं असतं.

फाईल काकांनी लावलेली. सगळ्यांत वर १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला, खाली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, आणि मार्कशीट पार तळाला. काकांना हसू नका. गोव्यात माणूस सरकारी जाहिराती वाचत वाचत म्हातारा होतो: रहिवास १५ वर्षं, कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास उत्तम. खासगी कारखान्यात पहिल्या दिवशी यातलं काही कुणी बघत नाही. मार्कशीट वर घेतल्या, त्याखाली प्रोजेक्टचा गोषवारा, बाकीचं मागे.

मग बायोडेटा. ‘एचपीएलसीचं ज्ञान’ असं ठळक अक्षरात. एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं महागडं यंत्र.

“स्वतः चालवलंस?”

“नाही ताई, सरांनी दाखवलं.”

“मग ‘प्रात्यक्षिक पाहिलं आहे’ असं लिही. नाहीतर पहिला प्रश्न टेलिंग फॅक्टरवर येईल आणि तू तिथेच अडकशील.”

गंमत म्हणजे यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र, तिने प्रोजेक्टसाठी रोज हाताळलेला आणि त्याची ओळ सगळ्यांत शेवटी. कॉलेजमधल्या मुलांना ज्या यंत्राची किंमत जास्त तेच वर लिहावंसं वाटतं. आम्ही समोर बसणारे मात्र शोधत असतो, की या हातांनी खरोखर काय केलंय.

म्हटलं, यूव्हीवर काय केलंस ते सांग. तिने सुरुवात केली, “बिअर-लॅम्बर्ट लॉ स्टेट्स दॅट...”

“लॉ राहू दे. सकाळी लॅबमध्ये शिरलीस. पुढे?”

जरा वेळ गप्प. मग हळूहळू निघालं. यंत्र चालू करून दिवा स्थिर होऊ दिला. ब्लँक, म्हणजे नमुना न घातलेलं नुसतं द्रावक, मोजून घेतला. क्युव्हेट, म्हणजे द्रावणाची चौकोनी नळी, खरखरीत बाजूंनी धरला, पारदर्शक बाजूला बोट लागू दिलं नाही. तीव्रता माहीत असलेली पाच द्रावणं, म्हणजे स्टँडर्ड, केली, आलेख काढला, पाचवा बिंदू रेषेच्या खाली पडला.

“का पडला?”

“द्रावण फार तीव्र झालं होतं. पातळ करून परत घेतलं.”

आता सांग तुझा लॉ, म्हटलं. तीव्रतेबरोबर प्रकाशाचं शोषण सरळ रेषेत वाढतं आणि तीव्रता फार झाली की ती रेषा वाकते हे तिने स्वतः पाहिलेलं, त्यामुळे नियम पाठ म्हणावा लागला नाही. इंग्रजीचंही तेच. पॅनेल सुरुवात इंग्रजीत करतं, पण काम क्रमाने सांगायचं असलं की वाक्यं आपोआप आखूड होतात आणि आखूड इंग्रजी आमच्या मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलांनाही जमतं. अगदीच अडलं तर कोकणीत सांगू का म्हणून विचारावं. गोव्यात त्यात कमीपणा नाही, आणि निदान मी तरी त्याचे गुण कापत नाही.

खरा वेळ गेला तो एका प्रश्नावर, कारण क्युसीच्या इंटरव्ह्यूत तो येतोच. गोळीतलं औषध लेबलवरच्या आकड्याच्या ९५ ते १०५ टक्क्यांत हवं, तुझा निकाल आला ९२. काय करशील?

“परत टेस्ट करीन.”

दहांतले नऊ फ्रेशर हेच म्हणतात. कॉलेजात टायट्रेशनची रीडिंग जुळेपर्यंत ब्युरेट भरायची सवय असते, मग दुसरं काय सुचणार? पण कारखान्यात याहून वाईट उत्तर नाही. द्रावण फेकायचं नाही, आकडा लपवायचा नाही, ताबडतोब वरिष्ठांना सांगायचं. त्यानंतर तपास: वजन बरोबर होतं का, फ्लास्क कोणता, डायल्यूशन कसं केलं, गणित कुठे चुकलं. प्रयोगशाळेची चूक सिद्ध झाली तरच तो निकाल बाद होतो. पास होईपर्यंत तपासत राहायचं नाही, हे अमेरिकेत १९९३ साली बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात कोर्टानेच बजावलं आणि २००६ मध्ये तिथल्या औषध नियंत्रक एफडीएने त्यावर सविस्तर मार्गदर्शिका काढली. वेर्ण्यातून माल अमेरिकेला जातो, म्हणून तिथले इन्स्पेक्टर आमच्या वह्या उघडून बघतात.

“पण ताई, साहेबाला सांगितलं तर माझीच चूक निघाली तर?”

हा तिचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. निघाली तर निघाली, चुकीची नोंद करायला फॉर्म असतो. पॅनेलवर आम्ही तेच चाचपत असतो, की ही मुलगी रात्रपाळीत एकटी असताना ९२ चे ९५ करेल का. वहीत आकडा चुकला तर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, कारण, हेही तिच्याकडून पेनने करून घेतलं. व्हाइटनर लॅबमध्ये दिसताच कामा नये.

प्रवासाचं काकांना समजावलं. पणजीहून कदंबची मडगाव शटल घेतली तर वेर्णा खिडकीतून दिसतो, उतरता येत नाही. थांबे घेणारी बस पकडायची, आणि वसाहत पठारभर पसरलेली असल्यामुळे प्लॉट नंबर आदल्या दिवशीच नकाशावर बघून ठेवायचा.

इंटरव्ह्यूत तो प्रश्न आलाच, पण डिसोल्युशनवर, म्हणजे गोळी किती विरघळते त्या चाचणीवर: सहांपैकी एक गोळी कमी विरघळली तर? तिने आधी द्रावणं जपून ठेवीन म्हटलं, मग कुणाला कळवीन ते सांगितलं. मग पॅनेलने शिफ्ट जमेल का, विचारलं. ते घरी आधीच बोलून झालं होतं, त्यामुळे तिला काकांच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. शेवटी तिने विचारलं, नेमणूक थेट कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराच्या? फ्रेशर मुलं हे विचारायला लाजतात आणि पहिला पगार आल्यावर त्यांना कळतं.

निवड झाली. ऑफरमधला वर्षाचा आकडा बघून काका खूश होते, मी वही घेऊन बसले. सीटीसीत, म्हणजे कंपनीला तिच्यावर होणाऱ्या वर्षाच्या एकूण खर्चात, कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा धरलेला, ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के धरलेले, शिवाय तिच्या बेसिकमधूनही पीएफचे १२ टक्के कापले जाणार. हातात किती येतील ते काढून दाखवलं तेव्हा काका जरा गप्प झाले. तरी ट्रेनी म्हणून का होईना, कंपनीच्याच रोलवर आहे आणि क्युसीतच आहे, माझ्या मते घ्यावी अशीच नोकरी.

एक तारखेला रुजू व्हायचंय. कंपनीची बस साखळीपर्यंत येत नाही आणि पहिल्या पाळीला इथून निघून पोचणं शक्य नाही. वेर्णा किंवा कुठ्ठाळीच्या बाजूला मुलींसाठी खोली कुणाला माहीत असेल तर कळवा, भाडं बेताचं हवं.