सर्दी, इबोला आणि एलडीएलचा आकडा

लिपिड प्रोफाइलचा कागद हातात पडला की नजर आधी एलडीएलवर जाते. आकडा असतो रक्तात उरलेल्या, कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एलडीएल कणांचा. ते उचलून पेशीत नेणाऱ्या रिसेप्टरचा, म्हणजे पेशीवरच्या पकड-प्रथिनाचा, त्या कागदावर पत्ताच नसतो. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५चं नोबेल मिळालं, ते मुख्यतः या रिसेप्टरच्या शोधामुळे.

रिसेप्टरचं काम असं: कण पकडायचा, पेशीत बुडी मारायची, आतल्या आम्लात कण सोडायचा आणि मोकळं होऊन वर यायचं. फेरीला दहाएक मिनिटं. एवढी वर्दळ असलेलं दार विषाणूंच्या नजरेतून सुटतंय थोडंच! सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत. त्यातले पुष्कळसे आयकॅम-१ नावाच्या दुसऱ्याच रेणूला धरतात, पण डझनभर प्रकार थेट एलडीएलच्या रिसेप्टरवर बसून आत जातात. विषाणूचा व्यास सुमारे ३० नॅनोमीटर, एलडीएलचा कण त्याहून थोडा लहान. ज्या आम्लात एलडीएल सुटतं, त्याच आम्लाचा पीएच ५.६च्या आसपास उतरला की विषाणूचं कवच उघडतं आणि त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय मजकूर, पेशीत उतरतो. प्रयोगशाळेत बॅफिलोमायसिन हे रसायन घालून हे आम्ल तयारच होऊ दिलं नाही, तर आत शिरलेला विषाणू कवचातच अडकतो.

इबोलाचं धाडस याहून मोठं. तो पेशीत शिरतो, तिथली कॅथेप्सिन विकरं त्याचं बाहेरचं प्रथिन छाटतात, आणि मगच ते पेशीच्या आतल्या एनपीसी१ नावाच्या प्रथिनाला चिकटतं. एनपीसी१चं रोजचं काम लायसोसोममधून, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीतून, कोलेस्टेरॉल बाहेर काढण्याचं. नीमन-पिक सी या आनुवंशिक आजारात ते बिघडतं. अशा रुग्णांच्या पेशींना इबोलाची लागण होत नाही, हे २०११मध्ये दिसलं. पण हा काही हेवा करावा असा बचाव नव्हे. त्या पेशींत कोलेस्टेरॉल साचत राहतं आणि मेंदूची हानी होते.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने यकृताच्या पेशींवरचे एलडीएल रिसेप्टर वाढतात, म्हणूनच रक्तातलं एलडीएल उतरतं. मग गोळीने सर्दी वाढेल का, ही शंका चलाख आहे, पण सर्दी नाकात होते आणि बहुतेक प्रकारांचं दार वेगळं आहे. तेवढ्यासाठी गोळी सोडू नये.

गोळी सोडायला लोकांना याहून गोड निमित्त मिळतं ते न्यूमोनियानंतर. जोरदार संसर्गात एलडीएल आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) दोन्ही खाली येतात, ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातली चरबी बहुधा चढते. त्या दिवसांतला देखणा आकडा पथ्याचा नसतो, आजाराचा असतो. पूर्ण बरं झाल्यावर काही आठवडे जाऊ द्यावेत, पुन्हा रक्त द्यावं आणि मगच जुन्या रिपोर्टशी ताडून पाहावं.