गलांग बेटावरच्या होड्या

सिंगापूरला येऊन नऊ वर्षे झाली, पण समोरच्या इंडोनेशियातील बाताम बेटावर आम्ही आजवर केवळ विश्रांतीसाठी जात होतो. त्याच बातामहून एकामागून एक पाच पूल ओलांडले की गलांग बेट लागते आणि १९७९ ते १९९६ या काळात तेथे व्हिएतनामी निर्वासितांची छावणी होती, हे मला इतक्या उशिरा कळले याची खंत वाटते.

छावणीच्या आवारात निर्वासितांच्या होड्या जपून ठेवल्या आहेत. कोकणात आजोळ असल्यामुळे मचवे मी लहानपणापासून पाहिले आहेत, त्यामुळे या होड्यांकडे पाहून पोटात कालवले. किनाऱ्यालगत मासेमारी करण्यासाठी बांधलेल्या त्या लाकडी होड्या आहेत. एका होडीच्या दोन फळ्यांमधल्या सांध्यात माझे बोट सहज शिरले. १९७५ च्या ३० एप्रिलला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडल्यानंतर ज्यांना पुनर्शिक्षण छावण्यांची, म्हणजे जुन्या राजवटीच्या माणसांना डांबणाऱ्या तुरुंगवजा छावण्यांची भीती होती, ज्यांचे व्यापार सरकारजमा झाले, त्यांनी अशाच होड्यांमधून, तान्ह्या मुलांसह, रात्रीच्या अंधारात किनारा सोडला. वाटेत वादळे होती, पाणी संपत होते आणि थायलंडच्या आखातात समुद्री चाचे लूटमार आणि बलात्कार करत होते. १९९५ पर्यंत सुमारे आठ लाख माणसे कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याला लागली. बुडालेल्यांचा अंदाज दोन ते चार लाखांचा आहे. एवढ्या मोठ्या फरकाचा अंदाज म्हणजे कितीतरी माणसांची कोणीच नोंद केली नाही, हे मला फार लागले.

संग्रहालयाच्या भिंतीवर निर्वासितांची ओळखपत्रासाठी काढलेली छायाचित्रे दाटीने लावलेली आहेत. बहुतेकांचे चेहरे ताठ आहेत. एका मुलीने मात्र केस नीट विंचरून मध्ये भांग पाडला होता, आणि तेवढ्यासाठी तिने कोठून तरी कंगवा मिळवला असेल, या विचाराने मी बराच वेळ तिच्यासमोरून हललेच नाही.

सुमारे अडीच लाख माणसे या बेटावरून पुढे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेली. १९८९ मध्ये मात्र निर्वासितांबाबतचे आंतरराष्ट्रीय धोरण बदलले. आपला छळ झाला आहे हे ज्यांना सिद्ध करता आले नाही, त्यांना परत पाठवण्याचे ठरले. तेव्हा निषेध म्हणून निर्वासितांनी ज्या होड्या बुडवल्या, त्याच नंतर वर काढून येथे मांडल्या आहेत. ज्या होडीने जीव वाचवला ती स्वतःच्या हातांनी बुडवण्याची वेळ माणसावर यावी, हा मला त्या धोरणाचा सर्वांत कठोर परिणाम वाटतो.

दफनभूमीत ५०३ कबरी आहेत. परदेशी स्थायिक झालेले नातेवाईक अजूनही तेथे येतात. आम्ही गेलो त्या दिवशी एका लहानशा कबरीपुढे उदबत्तीची राख अद्याप विखुरलेली नव्हती, आणि शेजारी कोणीतरी सोललेले संत्रे ठेवले होते.