सत्तावीस महिने बिनपगारी

मार्च २०२२ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, पुण्याजवळच्या भोसरी पट्ट्यातल्या एका कंपनीतली परचेसची (खरेदी विभागातली) नोकरी गेली. पुढची लागली जून २०२४ मध्ये. मधल्या दिवसांची कहाणी सांगत बसत नाही, ती घरोघरी साधारण सारखीच असते. कोणतं काम कोणत्या क्रमानं केलं, कुठे पैसे वाचले आणि कुठे वाया गेले, एवढंच लिहितो.

सगळ्यात महाग पडतो तो "दोन-तीन महिन्यांत लागेल काहीतरी" हा हिशोब. त्या भरवशावर हप्ते, क्लासच्या फिया, क्रेडिट कार्ड सगळं जसंच्या तसं चालू राहतं आणि सहाव्या महिन्यात दिसेल ती एफडी मोडायची वेळ येते. मी पहिल्याच आठवड्यात २४ महिने धरले. घरात सगळ्यांना ते अशुभ वाटलं. शेवटी तेही तीन महिने कमी पडले.

पहिला प्रश्न सहीचा. शेवटच्या दिवशी एचआरवाले बहुतेक वेळा छापील राजीनामाच पुढे करतात. "राजीनामा दिला" आणि "कामावरून कमी केलं" यांत पैशांचा फरक आहे. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५एफप्रमाणे कमी केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळायचा. राजीनाम्यावर सही केली की हा हक्क गेला. मॅनेजर, सुपरवायझर मंडळी या कायद्याच्या 'कामगार' व्याख्येत सहसा बसत नव्हती. त्यांचा आधार नेमणूकपत्रातली नोटीस पिरियडची ओळ, म्हणून ते पत्र आधी शोधून काढा. सही करायचीच असेल तर एक दिवस मागून घ्या आणि मिळणारी प्रत्येक रक्कम आधी ईमेलवर लिहून घ्या. तोंडी कबूल केलेला इन्सेंटिव्ह नंतर कुणालाच आठवत नाही.

ग्रॅच्युइटी स्वतः मोजा. शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांहून जास्त झालेलं वर्ष पूर्ण धरतात. बेसिक ३२,००० आणि सेवा १६ वर्षं ७ महिने असेल तर १७ वर्षांचे सुमारे ३,१३,८०० होतात. १६ च धरली तर सुमारे १८,५०० रुपये कमी, आणि ही चूक फुल अँड फायनलच्या, म्हणजे कंपनीच्या शेवटच्या हिशोबाच्या, कागदावर सर्रास दिसते. रक्कम ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत कामावरून गेलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे आणि 'वेतना'ची व्याख्याही बदलली आहे. आज नोकरी गेलेल्यानं माझे आकडे न घेता आपल्या पगारपत्रकावरून मोजावं.

पीएफवर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथेच. पैसे काढण्यासाठी यूएएनच्या (पीएफचा कायमचा नंबर) पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख, म्हणजे डेट ऑफ एक्झिट, चढलेली लागते. कंपनीनं ती भरली नाही म्हणून माणसं महिनोनमहिने गेटवर चकरा मारतात. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की 'मॅनेज'मधल्या 'मार्क एक्झिट'मधून आधारच्या ओटीपीवर ती आपली आपल्याला भरता येते. तारीख मात्र रिलीव्हिंग लेटरवरचीच टाका. एकदा चढलेली तारीख दुरुस्त करून घेणं फार जिकिरीचं आहे. दुसरी अडचण नावाची: आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पीएफला नुसतं आद्याक्षर, बँकेत तिसरंच काही. तिसरी, आधीच्या नोकरीचा पीएफ कधी ट्रान्सफरच न केलेला. या तिन्ही गोष्टी नोकरी असतानाच तपासायच्या. जुन्या कंपनीत ओळखीचा माणूस असेपर्यंत काम होतं, तोही निघून गेला की खेटे.

तेव्हाच्या नियमानं एक महिना बेकार राहिल्यावर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेली रक्कम काढता येत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफ चालवणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळानं पूर्ण रक्कम काढण्याची मुदत दोनवरून बारा महिन्यांवर न्यायचा निर्णय घेतला. म्हणून अर्जाआधी पोर्टलवर चालू नियम वाचा. पण काढता येतात म्हणून लगेच काढू नका. पीएफवर २०२२-२३ ला ८.१५ आणि २०२३-२४ ला ८.२५ टक्के व्याज होतं. सेव्हिंग खात्यात तेच पैसे तेव्हा तीनेक टक्क्यांवर पडून राहायचे, शिवाय डोळ्यांसमोर असायचे. मी तो सर्वांत शेवटी हात लावायचा साठा ठरवला. नोकरी सुटल्यानंतरच्या काळातलं व्याज करपात्र असतं, ते रिटर्नमध्ये दाखवावं लागतं.

पीएफबरोबरच्या पेन्शनचा भाग वेगळा. सेवा दहा वर्षांहून कमी असेल तर फॉर्म १०सी भरून रक्कम मिळते. दहा झाली असतील तर पैसे मिळत नाहीत, झालेल्या सेवेचा दाखला, म्हणजे स्कीम सर्टिफिकेट, घ्यायचं. पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितक्या वर्षांची, दर वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती जन्मभराची. हातघाईच्या दिवसांत अनेक जण ही घाई करतात. मला ती कधीच पटली नाही.

आता घरखर्च. सेटलमेंटची, म्हणजे कंपनीकडून शेवटी मिळालेली, रक्कम पगाराच्या खात्यात ठेवली की ती पगारासारखीच खर्च होते. समजा हातात १२ लाख आले. एक मोठी एफडी न करता दीड-दीड लाखाच्या आठ करा, दर तीन महिन्यांनी एक पिकेल अशा. म्हणजे महिन्याला ५०,०००, चोवीस महिने. एफडी पिकली की पैसे वेगळ्या खात्यात, आणि तिथून एक तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेत देऊन ठेवायची. महिनाअखेर खडखडाट झाला तरी पुढच्या एक तारखेपर्यंत मूळ खात्याला हात नाही. पहिले दोन महिने हे जमत नाही, तिसऱ्यापासून जमतं. पुढच्या आर्थिक वर्षी उत्पन्न करपात्र मर्यादेखाली जाणार असेल तर कर कापू नका असं सांगणारा फॉर्म (तेव्हाचा १५जी) बँकेत एप्रिलमध्येच द्या, नाहीतर व्याजातून टीडीएस कापला जातो.

माझी खरी चूक वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांत झाली. किराणा, दूध, गॅस, वीज, मेंटेनन्स सगळं मांडलं होतं. मिळकतकर, दुचाकीचा आणि कारचा विमा, टर्म पॉलिसी, शाळेचं टर्मचं शुल्क, दिवाळी, गावाकडची जत्रा हे मांडलंच नव्हतं. बेरीज करून बाराने भागलं तर महिन्याला ९,००० निघाले. ही यादी बनवायला जुनं बँक स्टेटमेंट सगळ्यात उपयोगी, आठवणीवर विसंबू नका. एसआयपी थांबवली, मोडली नाही. भिशी मध्येच सोडली नाही, फेरी पूर्ण करून बाहेर पडलो. टर्म विम्याचा हप्ता कधीच चुकवला नाही.

गृहकर्जाबाबत दोन उलटसुलट सल्ले मिळतात. एक, सेटलमेंटमधून कर्ज फेडून टाका. माझं मत विरुद्ध आहे: बँकेत भरलेले पैसे परत मिळत नाहीत, आणि पगार नसलेल्याला टॉप-अप कर्ज कुणी देत नाही. बेकारीत रोकड व्याजापेक्षा मोलाची. दुसरा, मुदत वाढवून घ्या. हे करण्यासारखं आहे, पण किंमत समजून. १५ लाख शिल्लक, साडेआठ टक्के, आठ वर्षं राहिली असतील तर हप्ता सुमारे २१,६००. मुदत १३ वर्षं केली तर सुमारे १५,९००. महिन्याला ५,७०० सुटतात, पण शेवटपर्यंत तसंच चाललं तर सुमारे चार लाख जास्त जातात. नोकरी लागल्यावर हप्ता पुन्हा वाढवायचा, हे तेव्हाच कॅलेंडरवर लिहून ठेवा. बँकेत जायचं ते पहिला हप्ता बाउन्स होण्याआधी. ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं, आणि त्यानंतर काउंटरवरचा साहेब वेगळ्याच सुरात बोलतो.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज कव्हर संपायच्या आत केला तर मधुमेह, रक्तदाबासारख्या जुन्या आजारांसाठी भरलेली वाट पाहण्याची वर्षं पुढे धरली जातात. ती खिडकी गेली की पाटी कोरी. तेव्हा प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर तो नाही. दुसरा आधार महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा: जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ती लागू आहे, पाच लाखांपर्यंत. कपाटाच्या तळाशी पडलेलं रेशनकार्ड बाहेर काढून त्यावरची नावं आधारशी जुळवून घ्या.

मुलं इंजिनीअरिंगला असतील तर महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघा: प्रवेश कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) हवा आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. गोम अशी की उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षावर मिळतो. पगार आज बंद झाला तरी कागदावर तुम्ही वर्षभर 'कमावते'च असता. दाखल्याचा अर्ज नवं आर्थिक वर्ष लागताच करा, प्रवेशाच्या हंगामात सेतूत रांग दाराबाहेर असते.

नोकरीचा शोध. पोर्टलवर रोज दहा अर्ज टाकण्यात मी पहिले चार महिने घालवले, फोन आले तीन. पंचेचाळिशीत फोन येतो तो तुमचं काम पाहिलेल्याकडून: जुने व्हेंडर, हाताखालून पुढे गेलेली मुलं, ऑडिटला येणारे. साठ नावांची वही केली, आठवड्याला पाच फोन. "नोकरी बघ" म्हटलं की समोरचा अवघडतो. "तुमच्याकडे कास्टिंगच्या किमतीचं काम कोण बघतं?" असं नेमकं विचारलं की बोलणं पुढे सरकतं. सीव्ही दोन पानांचा, शेवटच्या बारा-पंधरा वर्षांचा, प्रत्येक कामापुढे आकडा. गॅप लपवू नका. पडताळणीवाले पीएफच्या नोंदीवरून महिना न महिना काढतात. अपेक्षित पगार फार खाली सांगितला तरी शंका घेतात. मी शेवटच्या पगारापेक्षा वीस टक्के कमी सांगायचो आणि कारणही सांगायचो. रजिस्ट्रेशन किंवा डिपॉझिट मागणारा कन्सल्टंट म्हणजे चोर, यात अपवाद नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. आणि सेटलमेंट जमा झाल्याच्या आठवड्यात बँकेतून गोड आवाजात युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र) विकायला फोन येतो. त्यात पाच वर्षं पैसे अडकतात.

नवव्या महिन्यापासून दोन छोट्या युनिटना खरेदीचा खर्च कमी करून द्यायचं सुट्टं काम घेतलं. वर्षाची सेवा २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणारी साइट खोटी. बिलातून दहा टक्के टीडीएस कापला जायचा, तो जुलैअखेर रिटर्न भरून परत मिळाला. या कामानं घर चालत नाही. पण सीव्हीवरचा गॅप खराखुरा भरतो, आणि मला नोकरी लागली ती त्यातल्याच एकाच्या ओळखीनं. स्वतःचा धंदा काढायचा विचार असेल तर केंद्राच्या पीएमईजीपी या रोजगार निर्मिती योजनेला वयाची वरची अट नाही: सर्वसाधारण गटाला शहरात १५, ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान, स्वतःचे १० टक्के. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनेत तेव्हा सर्वसाधारण गटाला ४५ ची मर्यादा होती, तिथे मी बादच.

घरात दिवसभर पुरुष बसला की घराचं वेळापत्रक बिघडतं, हे आधी मान्य करावं. सकाळी नऊ ते एक मी वाचनालयात काढत असे. दुपारची झोप वर्ज्य, कारण रात्र खराब होते आणि रात्रीच विचार सुटतात. दोन कामं कायमची अंगावर घेतली: भाजी-किराणा आणि बिलं. "मदत करतो" म्हणून मधेमधे केलेल्या कामानं उलट चिडचिड वाढते. महिन्याच्या पहिल्या रविवारी वही उघडून बायकोला आणि मोठ्या मुलाला शिल्लक आकडा दाखवायचा, बाकीचे दिवस पैशांवर चर्चा नाही. नातेवाइकांच्या "सध्या काय?" ला एकच ठरलेलं उत्तर ठेवलं: "छोटी-मोठी कामं करतोय, खरेदीतलं काही असेल तर सांगा." दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. लग्नकार्यं टाळू नका. आहेर लहान करा.

नोकरी लागली की रुजू होताना फॉर्म ११ मध्ये 'आधी पीएफ आणि पेन्शन योजनेचा सभासद होतो' याला हो लिहा, जुना यूएएन द्या, स्कीम सर्टिफिकेट जमा करा. नव्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम मिळाला तरी स्वतःची पॉलिसी बंद करू नका. पहिली पगाराची स्लिप आली की यूएएन जुनाच आहे ना ते पाहा. दुसरा निघाला असेल तर एचआरला त्याच महिन्यात सांगा. दोन यूएएन एकत्र करायला मला पाच महिने लागले.