तुम्ही विचारलेत म्हणून : बायकोच्या देशी नांदताना

तासगावला गेलो की पारावर, पुण्यात जुन्या मित्रांच्या बैठकीत आणि एकदा तर विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी मराठी गृहस्थांकडूनही मला एकच प्रश्न विचारला गेला आहे : बायको जर्मन आहे हे ठीक, पण तिच्या देशात जाऊन राहण्यात तुमचा काय फायदा झाला? या प्रश्नातला जोर 'देशात' या शब्दावर नसतो, 'तिच्या' या शब्दावर असतो. मी नोकरीसाठी अमेरिकेला गेलो असतो तर हे कोणी विचारले नसते, उलट पेढे मागितले असते. विचारणाऱ्याच्या मनात 'घरजावई' हा शब्द घोळत असतो आणि केवळ सभ्यपणामुळे तो ओठांवर येत नाही. तेव्हा मीही उत्तर तिथूनच सुरू करतो.

होय, मी घरजावई आहे. 2014 साली आम्ही सांगलीत विशेष विवाह कायद्याखाली, 30 दिवसांची नोटीस लावून लग्न केले, तीन वर्षे पुण्यात संसार केला आणि 2017 पासून आम्ही नेकार नदीच्या काठी, स्टुटगार्टपासून दहा-बारा किलोमीटरवर असलेल्या एस्लिंगेन शहराजवळ, माझ्या सासू-सासऱ्यांच्या तीन मजली घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. तळमजल्यावर ते दोघे आणि मधल्या मजल्यावर एक भाडेकरू. इथवर ऐकल्यावर समोरचा माणूस सहसा सहानुभूतीने मान हलवतो.

व्यवहारातला फायदा आधी सांगून मोकळा होतो. जर्मन नागरिकाचा नवरा म्हणून येताना मला पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात 'ए 1' ही भाषेची पहिली पायरी उत्तीर्ण व्हावी लागली. त्यानंतर जो तीन वर्षांचा वास्तव्य परवाना मिळाला, त्यावर पहिल्या दिवसापासून कोणतीही नोकरी करण्याची मुभा होती. माझ्या ओळखीचे कितीतरी मराठी अभियंते इथे नोकरीच्या परवान्यावर येतात आणि कंपनीत माणसे कमी करण्याची कुजबुज सुरू झाली की त्यांची झोप उडते, कारण नोकरीबरोबर देशातले वास्तव्यही धोक्यात येते. तो घोर मला कधी लागला नाही. 'बी 1' पर्यंत भाषा झाल्यावर आणि तीन वर्षे भरल्यावर कायमचा परवाना मिळाला. पारपत्र मात्र मी भारतीयच ठेवले आहे. जून 2024 पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, पण आपला देश घेत नाही, आणि निवड करायची वेळ आली की माझा हात थबकतो.

एवढ्याचसाठी मी हे लिहायला बसलो नसतो. मला जो मोठा लाभ झाला त्याची सुरुवात इथल्या जर्मन नोंदणी कचेरीतल्या एका प्रश्नाने झाली. सांगलीतल्या लग्नाची नोंद करून घेताना तिथल्या बाईंनी कागदावरून नजर वर न उचलता मला विचारले, ''तुम्ही पत्नीचे आडनाव घेणार आहात का?'' जर्मन कायद्यानुसार दोघांपैकी कोणाचेही आडनाव कुटुंबाचे आडनाव होऊ शकते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने तो जन्मतारखेसारखाच एक साधा प्रश्न होता. मी इतका गोंधळलो की बायकोला हसू आवरेना. शेवटी दोघांनी आपापली आडनावे ठेवली. रात्री हा किस्सा मी आईला फोनवर रंगवून सांगितला, तेव्हा ती हसली नाही. ''तुला निदान विचारलं तरी,'' ती म्हणाली. माझ्या आईचे माहेरचे पाळण्यातले नाव वेगळे होते, हे मला ठाऊक होते. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले दुसरे नाव तिला न विचारता मिळाले होते, याचा विचार मात्र मी तोपर्यंत केलेला नव्हता.

आपल्याकडे प्रत्येक लग्न झालेली बाई जे करते ते करण्याची वेळ पुरुषावर जवळजवळ कधीच येत नाही. दुसऱ्यांच्या घरात जाऊन, त्यांच्या वेळा, त्यांच्या चवी, त्यांचे रुसवेफुगवे शिकून तिथले होणे, याला आपल्या भाषेत 'नांदणे' असा सुंदर शब्द आहे आणि तो आपण फक्त मुलींसाठी राखून ठेवला आहे. मी पहिले वर्षभर नांदत होतो. नोकरी नव्हती, सहाशे तासांचा भाषेचा अभ्यासक्रम चालू होता, डॉक्टरची वेळ ठरवायची तरी बायकोने फोन करावा लागे आणि सुट्या पैशांसाठीही तिच्याकडे पाहावे लागे. संध्याकाळी सहा वाजता थंड जेवण असे : पाव, चीज, काकडी, मुळ्याच्या चकत्या. सासूबाई ते लाकडी पाट्यांवर इतके नीटस मांडत की तक्रारीला जागाच नसे, पण माझे पोट ऊन-ऊन भाकरीसाठी रडत असे. न राहवून एकदा मी आईकडे कुरकुरलो. आई वेंगुर्ल्याची आहे. तिने शांतपणे सांगितले की, एकोणिसाव्या वर्षी घाटावर आली तेव्हा तिला ज्वारीची भाकरी गिळत नसे, तीन महिने तिने ताज्या मासळीचा वाससुद्धा घेतला नव्हता आणि तिच्या 'मासो'ला घरातली पोरे हसत. हे तिने चाळीस वर्षांत कोणालाही सांगितले नव्हते. सांगून समजेल असा माणूस तिला घरात पहिल्यांदाच भेटला होता, आणि तो साडेसहा हजार किलोमीटरवर बसलेला होता. आमचे बोलणे त्या वर्षी जेवढे झाले तेवढे मी घरात असताना कधीच झाले नव्हते. हा फायदा कोणत्या रकान्यात लिहावा हे मला कळत नाही, पण माझ्या हिशेबात तो सर्वांत वर आहे.

संबोधनाचा घोळ तर सांगण्यासारखा आहे. इथे सासू-सासऱ्यांना सरळ नावाने हाक मारतात. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हात पुढे करून आपले नाव सांगितले आणि 'तू' म्हणायला सांगितले. माझ्या जिभेला ते जमेना. पासष्ट वर्षांच्या बाईंना नावाने हाक मारायची या कल्पनेनेच मला घाम फुटे. परिणामी दोन वर्षे मी त्यांना कोणत्याही नावाने बोलावले नाही. त्यांच्याशी बोलायचे असेल तर मी समोर जाऊन उभा राहत असे, खाकरत असे किंवा ''ऐकलंत का'' या अर्थाचे काहीतरी जर्मन पुटपुटत असे. माझी आजी आजोबांना आयुष्यभर 'अहो' म्हणत होती, त्या 'अहो'ची अडचण मला तेव्हा उमगली. मुलगी झाल्यावर सुटका झाली : सासूबाई तिच्या 'ओमा' झाल्या, म्हणजे आजी, आणि मीही त्यांना ओमा म्हणू लागलो. मुलाच्या नात्याने हाक मारण्याची आपली जुनी पळवाट श्वाबेनमध्येही, म्हणजे जर्मनीच्या या आमच्या भागातही, चालते.

आता बायकोबद्दल. आमची ओळख आणि प्रेम इंग्रजीत झाले, आणि ती आम्हा दोघांचीही भाषा नव्हे. पुण्यात ती मला शांत, विचारी आणि थोडी गंभीर वाटत असे, सोसायटीतल्या सगळ्यांनाही वाटे. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या मावशीच्या वाढदिवसाला तिने श्वाबी बोलीत काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि टेबलाभोवतीची चौदा माणसे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला एक शब्द कळला नव्हता. आपली बायको विनोदी आहे हे मला लग्नाच्या चौथ्या वर्षी, तेही दुसऱ्यांच्या हसण्यावरून कळले. आम्ही दोघे तिसऱ्याच एखाद्या देशात जाऊन राहिलो असतो, जसे पुष्कळ मिश्र जोडपी समेट म्हणून करतात, तर ही बाई मला कदाचित भेटलीच नसती. जोडीदाराच्या देशात राहण्याचा सल्ला मी सरसकट कोणाला देणार नाही, पण काही वर्षे तरी राहावे, निदान त्याची चेष्टा कळण्याइतपत, असे माझे मत आहे.

आणि भाषा घरातच असली की ती वेगळ्याच वाटेने आत येते. वर्गात मला प्रमाण जर्मन शिकवत होते, जिन्यात सासूबाई श्वाबी शिकवत होत्या. या भागात 'केरवोखे' नावाची रीत आहे : इमारतीतला जिना आणि समोरचा पदपथ झाडण्याची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे जाते, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. 'केर' म्हणजे झाडणे आणि 'वोखे' म्हणजे आठवडा. केर काढण्याच्या आठवड्याला केरवोखे म्हणतात हे कळल्यावर मी जिन्यातच हसत बसलो, आणि सासूबाईंना वाटले की मला कामाची लाज वाटते आहे. कुठलीही लाडाची किंवा लहान वस्तू असली की श्वाबी माणूस तिच्या शेवटी 'ले' लावतो, घर म्हणजे 'हॉइस्ले', आणि ज्याच्या कानात 'सोनुलं' आणि 'तान्हुलं' लहानपणापासून आहे त्याला त्या 'ले'चा गोडवा समजावून द्यावा लागत नाही. वर्गातले माझे हिंदी भाषक मित्र तीन लिंगांना वैतागले होते. मला 'ते पोरगं' माहीत होते, त्यामुळे जर्मनमध्ये 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी कसा, हा प्रश्न मला पडला नाही. कोणता शब्द कोणत्या लिंगाचा हे मात्र मलाही पाठच करावे लागले.

सासऱ्यांशी मैत्री व्हायला भाषेचीही फार गरज पडली नाही. त्यांचा नदीवरच्या उतारावर, दगडी बांधांच्या पायऱ्यांवर द्राक्षमळा आहे : पंचवीस 'आर'. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि आपला गुंठा एकशे एक चौरस मीटरांहून किंचित जास्त. माझ्या वडिलांना मी ''पंचवीस गुंठे'' असे सांगितले आणि त्यांनी त्याच क्षणी व्याह्यांची योग्यता मनात ठरवून टाकली. तासगावला आमच्याही द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात, कारण आपल्या हवेत वेल स्वतःहून झोपत नाही. इथे ती थंडीत पाने गाळून गाढ झोपते, म्हणून छाटणी एकदाच, जानेवारी-फेब्रुवारीत. पहिल्या हिवाळ्यात सासऱ्यांनी मला कात्री देऊन बाजूला उभे केले आणि मी तीन-चार वेली छाटल्यावर काही न बोलता पुढच्या ओळीकडे बोट दाखवले. त्या दिवसापासून मी त्यांच्या गावात 'तो भारतीय' न राहता 'द्राक्षाच्या घरचा' झालो. छाटताना वडिलांना व्हिडिओ लावून देतो. आपल्याकडे तेव्हा साडेचार तास पुढे, भर काढणीचा हंगाम असतो, आणि दोन म्हातारे एकमेकांना आपापल्या भाषेत खुंट आणि डोळे समजावून सांगत राहतात. मी दुभाषाचे काम करायला गेलो की दोघेही मला गप्प करतात.

मळ्याच्या घरच्या वाइनसाठी सासरे वर्षातून काही आठवडे 'बेझन' उघडतात. बेझन म्हणजे झाडू : दाराबाहेर झाडू टांगला की आज इथे घरची वाइन आणि साधे जेवण मिळेल असे गावाला कळते. कायद्याने त्याला वर्षातून चार महिने आणि चाळीस आसने एवढीच परवानगी आहे, त्यामुळे माणसे खेटून बसतात आणि अनोळखी कोणी राहत नाही. तिथे मी ताटल्या वाहतो. भाषेचा जो भाग सहाशे तासांत आला नाही तो मला या बाकांवर मिळाला.

तोटे तुम्ही विचारले नाहीत, म्हणून त्यांवर लांबण लावत नाही. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी तिथे नव्हतो, भाऊ आणि वहिनी होते. वहिनी बेळगावची, म्हणजे तीही नांदायला आलेलीच. तिला मी त्यानंतर कधीही ''चहा टाक'' म्हटलेले नाही, स्वतः टाकतो.

गेल्या खेपेला आई इथे आली होती, आणि बेझनमधला सर्वांत लोकप्रिय पदार्थ, मसूर आणि श्पेट्झले, तिच्यापुढे आला. श्पेट्झले म्हणजे अंड्याच्या पिठाच्या उकडलेल्या, आखूड वेड्यावाकड्या शेवया. मसूर इथल्या पठारावरची : ती लागवड गेल्या शतकाच्या मध्यानंतर बंद पडली होती, जुने वाणही हरवले होते, आणि 2006 साली ते रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या बियाणे संग्रहात सापडले, तेव्हा पुन्हा पेरले गेले. सासूबाईंनी हे सगळे अभिमानाने सांगितले आणि मी भाषांतर केले. सोबतचे सॉसेज आईने हळूच माझ्या ताटलीत सरकवले. मग सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे मसुरीवर व्हिनेगरची धार धरली, आईने एक घास घेतला, थांबली आणि मला म्हणाली, ''आंबट आसा, पण ह्याका आमसूल होया.'' माहेरची बोली तिच्या तोंडून मी क्वचितच ऐकली होती.

सामानाच्या पेटीत आमसुलाची पुडी होतीच, वेंगुर्ल्याची. ती ओमांच्या फडताळात गेली. यंदाच्या हंगामात बेझनमधल्या मसुरीला वेगळीच चव आहे असे दोन-तीन गिऱ्हाइकांनी बोलून दाखवले. ओमा म्हणाल्या, घरची जुनी पद्धत आहे.